दुसरा स्विच वर, बाकी सात खाली

सुरुवातीलाच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही, आणि लिहून ठेवावं असं फारसं काही घडलेलंही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चार ओळींच्या वर लिहिलेलं नाही, आणि त्या चार ओळीही रेशनच्या नाहीतर बँकेच्या फॉर्मवरच्या. वाचताना कुठे कंटाळा आला तर दोष माझा. पुढे जे घडलं त्यातही दोष माझाच आहे, त्यामुळे निदान हिशेब सोपा आहे. चूक तांदळाच्या दाण्याएवढ्या एका बटणाची होती. पण तिचा डाग लागला माझ्या आईच्या नावाला, म्हणून लिहितो आहे.

आम्ही करावे गावातले. बाबा खाडीत जाळी लावतात आणि आई सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये मासळी विकते. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅडमिशन झाली त्या दिवसापासून घरात मला ‘इंजिनेर’ म्हणतात. आधी वाटायचं कौतुक आहे. मग लक्षात आलं की घरातला बल्ब गेला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी बल्ब बदलला की बाबा म्हणतात, “बघ, शिकल्याचा फायदा!”

आईचं एक ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे एका सात मजली बिल्डिंगमधल्या ३०२ मधल्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या, एकट्या राहणाऱ्या. आई त्यांच्या मागच्या बाल्कनीत बसून मासळी साफ करते. त्या बाल्कनीला लागून वरपर्यंत गेलेला एक डक्ट आहे आणि त्यात सगळ्या मजल्यांवरच्या ‘०२’च्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात. बाई खिडकीतून वर तोंड करून ओरडायच्या, “अगो, निवट्या आणल्यान हो आज!” की वरून कोणीतरी म्हणायचं, “अर्धा किलो ठेवायला सांगा!” आईचं सगळं गिऱ्हाईक असं एकावर एक, उभ्या रांगेत वाढलं होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

४०२ मध्ये नवरा-बायको दोघंही नोकरीला, बेलापूरला. सकाळी साडेआठला घर बंद. म्हणून त्या ताईंनी आईकडे एक चावी दिली होती. बुधवारी आणि शुक्रवारी आई बाईंकडे मासळी साफ करायची, वर जाऊन ४०२ च्या फ्रिजरमध्ये ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. ती चावी आईच्या कमरेच्या पिशवीत असे. गावात कोणी आलं की पान काढायच्या निमित्ताने आई ती चावीही बाहेर काढायची. “अख्ख्या बिल्डिंगीत एकच घर हाय, कोलनीच्या हातात चावी देनारा,” असं म्हणायची. मला हसू यायचं. मी तोवर आयुष्यात कोणाचा विश्वास कमावला नव्हता, त्यामुळे तो दाखवावासा वाटतो हे मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे फारच धरले. पंख्याच्या वाऱ्याने ते जास्त दुखायचे, म्हणून त्या पंखा लावतच नसत. फक्त आई साफ केलेली मासळी वर ठेवून आली की वास जावा म्हणून उठून लावायच्या, आणि जाताना आई तो भिंतीवरच्या बटणाने बंद करून जायची. तेवढं उठणंही जड जायला लागलं. आई म्हणाली, “बाई, माझा पोरगा इंजिनेर हाय. तो बसल्या जागी पंखा लावून देल तुमाला.” हे तिने मला न विचारता सांगितलं. मी दोन दिवस घाबरलो आणि तिसऱ्या दिवशी तयार झालो, कारण कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टसाठीही काहीतरी हवंच होतं.

यंत्र अवघड नव्हतं. एक छोटा रिमोट आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाशेजारी बसवायचा एक डबा. एक बटण पंख्याचं, एक दिव्याचं. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. रिमोटमध्ये आणि डब्यात आठ-आठ बारीक स्विच असतात, तांदळाच्या दाण्याएवढे, टाचणीने वर-खाली करायचे. तो त्या जोडीचा कोड. रिमोट दाबला की आधी तो आपला कोड हवेत सांगतो आणि मग काम सांगतो. आसपासचे सगळे डबे ते ऐकतात, पण ज्याचे आठही स्विच तसेच असतील तोच डबा हलतो. बाकीचे गप्प बसतात. आठ स्विचचे दोनशे छप्पन्न प्रकार होतात. म्हणजे एका बिल्डिंगमध्ये दोनशे छप्पन्न घरं एकमेकांच्या पंख्यात नाक न खुपसता राहू शकतात. पुस्तकात हे एका पानात आहे. मला ते पान पाठ होतं.

आता कोड कोणता ठेवायचा? कोणताही चालला असता. पण मला काहीही कोणताही चालत नाही; माझ्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे असं मला वाटतं. मी ठरवलं की घराचा नंबर हाच कोड. पत्ता म्हणजे पत्ता! या कल्पनेवर मी इतका खूश झालो की वहीत तिच्याभोवती चौकोन काढला. मग कळलं की आठ स्विचमध्ये दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा बसत नाही. ३०२ बसेना. मी थोडा विचार केला, आणि पुढचा तीन सोडून दिला. राहिले ०२. दुसरा स्विच वर, बाकी सात खाली. डब्यावर मात्र सुवाच्य अक्षरात ‘३०२’ अशी चिठ्ठी चिकटवली.

बाईंचा पंखा फिरला तेव्हा आई कोयता हातात धरून दारात उभी होती. तिने पंख्याकडे पाहिलंच नाही. बाईंच्या तोंडाकडे पाहत होती.

बाईंनी खिडकीतून वर तोंड केलं, आणि निवट्यांची बातमी जशी जायची तशीच माझीही गेली. पंधरा दिवसांत ४०२ च्या ताईंनी एक डबा बसवून घेतला आणि ६०२ मधल्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी एक. ४०२ चा पुढचा चार गेला, ६०२ चा सहा गेला. उरले ०२ आणि ०२. तिन्ही डब्यांवर तीन वेगळ्या चिठ्ठ्या, आणि आत तिन्हींत दुसरा स्विच वर, बाकी सात खाली. प्रत्येक घरात मी उभा राहून तपासलं. ज्या घरात उभा होतो तिथला दिवा लागला, मी समाधानाने मान हलवली आणि निघालो. खाली-वर काय होत असेल हे बघायला जावं, असं मनात आलं नाही. दुसऱ्याच्या घरी कारण नसताना बेल वाजवायला मला संकोच वाटतो.

काही दिवसांनी सेक्रेटरी काका गेटवर भेटले. मिश्यांतून हसत होते.

“काय रे इंजिनियर! सांगितलं नाहीस ते, टायमर पण टाकलाय?”

“कसला टायमर, काका?”

“अरे, हॉलचा दिवा. बरोबर साडेपाचला लागतो पहाटे. रोज नाही, पण बऱ्याचदा. मला मॉर्निंग वॉकला उठवतो! एक नंबर काम केलंस, टेन्शनच मिटलं अलार्मचं.”

इथे एखाद्या प्रामाणिक मुलाने म्हटलं असतं की काका, मी टायमर टाकलेला नाही, दिवा का लागतो ते बघतो. मी स्वतःला प्रामाणिक समजतो. मी म्हणालो, “हो, म्हणजे... आहे तसं थोडंसं.”

“आणि रविवारीही लागतो. रविवारचा बंद करता येईल का?”

“बघतो,” मी म्हणालो.

घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली की त्या डब्यात काहीतरी असेल, कंपनीने दिलेलं, जे मला अजून शिकवलेलं नाही. मला न शिकवलेल्या गोष्टी जगात खूप आहेत आणि बहुतेक वेळा मी अडलेलं सगळं त्यांच्याच खात्यावर टाकतो.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ४०२ च्या ताईंचा मेसेज आला. ‘अरे, एक विचारायचं होतं. तुझा बॉक्स आपोआप चालू होऊ शकतो का? घर बंद असताना?’

मला इतका आनंद झाला! तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला उत्तर येणारा प्रश्न विचारला होता. मी कॉलेजच्या जिन्यात बसून उत्तर लिहिलं. कोड म्हणजे काय, आठ स्विच म्हणजे काय, दोनशे छप्पन्न कसे होतात. शेवटी लिहिलं, ‘त्यामुळे ताई, तुमचा रिमोट कोणी दाबल्याशिवाय किंवा घरात येऊन भिंतीवरचं बटण दाबल्याशिवाय तुमचा पंखा लागूच शकत नाही. शंभर टक्के खात्रीने सांगतो.’ खाली अंगठा आला. मी तो अंगठा दोन-तीनदा उघडून पाहिला.

शुक्रवारी आई नेहमीपेक्षा लवकर घरी आली. पाटी उतरवली, पाय धुतले, पान लावायला पिशवी काढली आणि नुसतीच धरून बसली.

“काय झायला गो?” बाबांनी विचारलं.

“चावी घेतली चारशेदोनवाल्यांनी.”

“का?”

“मना काय म्हाईत. आज उशिरा निघाली, दारात उभी राहून म्हनली, मावशी, आता आमी संध्याकाली येऊनच घेऊ मासली. चावी जरा पाव्हन्यांना द्यायची हाय.” आईने पान दुमडलं. “मी जाताना मागना हलूच बोलली, मावशी, उकडत असेल तर बसा की बाई, पन निघताना पंखा तरी बंद करा.”

“मग तू लावतेस काय पंखा?”

“मी?” आई म्हणाली. “मी त्या घरात दोन मिंटं पन थांबत नाय. फ्रिजरात ठेवते नि येते. पाय पुसून जाते नि पाय पुसून येते.”

माझ्या मनात खरोखरच एक क्षण आलं होतं की आई बसली असेल घटकाभर पंख्याखाली, थकते बिचारी, त्यात काय एवढं. माझ्याच आईवर माझाच विश्वास बसेना, कारण माझ्या पुस्तकावर माझा विश्वास होता. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या मॅडम शांत होत्या, चहा पीत होत्या. माझा नमुना-डबा हातात घेऊन म्हणाल्या, “छान. समजा, शेजारच्या घरातही असाच डबा आहे आणि दोन्हींचा कोड एकच ठेवला, तर?”

“तर दोन्ही डबे चालतील, मॅडम,” मी खाडकन म्हणालो. “एकाने रिमोट दाबला की दुसऱ्याच्या घरातला पंखासुद्धा...”

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ३०२, ४०२, ६०२. ०२, ०२, ०२. साडेपाचला उठून दिवा लावून स्वयंपाकघरात चहा ठेवणाऱ्या बाई, रिमोट गाऊनच्या खिशात, खिडकी डक्टवर. बुधवार, शुक्रवार. मासळीचा वास. पंखा. आई ४०२ मधून खाली आली की बाई रिमोटने पंखा लावायच्या, आणि जाताना आई भिंतीवरच्या बटणाने फक्त बाईंचाच बंद करायची; वरचा फिरतच राहायचा.

“सुद्धा काय?” मॅडमनी विचारलं.

“सुद्धा लागेल,” मी म्हणालो.

“व्हेरी गुड,” असं म्हणून त्यांनी मला पूर्ण मार्क दिले. आमच्या खानदानात तोंडी परीक्षेत पूर्ण मार्क मिळवणारा मी पहिला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर बसून जाळ्याला डबे बांधत होते. प्लास्टिकचे रिकामे डबे जाळ्याला बांधले की पाण्यावर तरंगतात आणि जाळं कुठे आहे ते कळतं. प्रत्येक डब्याच्या मानेला ते एक हिरवी चिंधी बांधत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. रिमोट, कोड, पुढचा आकडा सोडून दिला ते, मेसेज, सगळं. टायमरचंही.

बाबांनी गाठ मारली, दाताने ओढली. मग म्हणाले, “तू घराचा नंबर कशाला घातलास त्याच्यात?”

“पत्ता म्हणून.”

“त्या यंत्राला पत्र धाडायचा होता काय?” बाबा म्हणाले. “हे बघ. माझ्या डब्याला हिरवी चिंधी हाय. मी हिरवी का बांधतो?”

“आपली खूण आहे म्हणून.”

“नाय रे. माझ्या बाजूला जाला लावतो ना, त्याची लाल हाय. म्हनून. त्याच्या पलीकडं पांढरी. आधी शेजाऱ्याची बघायची, मंग आपली बांधायची. येगली असली की झायला. चिंधीवर नाव लिवून काय मासं वाचनार हायत?”

दोनशे छप्पन्न प्रकार मला पाठ होते. त्यांतला शेजाऱ्यापेक्षा वेगळा कोणताही एक उचलायचा होता, एवढंच.

“आईला सांगू?” मी विचारलं.

“आयला काय सांगतोस? तिला म्हाईत हाय तिनं पंखा लावला नाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांग.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाचणी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बिल्डिंगमध्ये गेलो. आधी बाईंकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तरीच! संध्याकाळी सात वाजता माझा दिवा आपला आपण विझायचा. ती वर घरी येऊन बटण दाबत असणार.”

“बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“अरे, तुझं पहिलंच काम. म्हटलं, सुधारेल हळूहळू.” आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या होत्या, आणि माझ्याच वहीत लाल शाई वापरली नाही.

४०२ चं दार उघडलं तेव्हा मी पाठ केलेलं भाषण विसरलो. नुसतं म्हणालो, “ताई, पंखा आई लावत नव्हती. मी लावत होतो.” त्यांना वाटलं, मीच चावी घेऊन घरात येत होतो. त्यांच्या मिस्टरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग मी घाईघाईने डबा उघडला, तो दुसरा स्विच दाखवला, आणि बाईंना फोन करून पंख्याचं बटण दाबायला सांगितलं. आमच्या डोक्यावर पंखा गरगर फिरायला लागला. रिमोट ताईंच्या हातात होता, त्यांनी तो दाबला नव्हता.

मग मिस्टर बायकोला म्हणाले, “आणि सकाळचा दिवा? रोज मला ऐकवत होतीस, रात्री बंद केला नाहीत म्हणून.”

“तुम्हीही मलाच बोलत होता,” ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पण तूच लिहिलं होतंस रे. शंभर टक्के.”

“हो,” मी म्हणालो.

“मी काही मावशींना चोर वगैरे म्हटलं नाही हं.”

“नाही ताई.”

तिन्ही घरांत तीन वेगळे कोड लावले. खालच्या घरचा बघायचा, मग वरच्याचा लावायचा, बाबांच्या पद्धतीने. सहाव्या मजल्यावर सेक्रेटरी काकांना टायमर नव्हताच हे सांगितलं. “म्हणजे इतके दिवस मला त्या बाई उठवत होत्या?” ते म्हणाले. त्यांना राग आला की वाईट वाटलं ते मला कळलं नाही, पण दार लावताना ते म्हणाले, “मग आता मी उठू कसा?”

त्यानंतर मी चावीची वाट बघायला लागलो. आई आली की आधी तिच्या कमरेकडे बघायचो. एकदा विचारलंही. “कसली चावी?” आई म्हणाली आणि कोलंबी सोलत राहिली. तिला मी सगळं सांगितलं होतं, अगदी त्या एका क्षणाचंही, जेव्हा मला वाटलं होतं की ती पंख्याखाली बसली असेल. त्यावर ती एवढंच म्हणाली होती, “बसली असती तर सांगितला असता. बसायला काय चोरी हाय?” आणि मला वाढलं होतं. एक बुधवार गेला, शुक्रवार गेला, पुढचा बुधवारही गेला. माझ्या पूर्ण मार्कांचं पत्रक मी वहीत दुमडून ठेवलं.

मग एका शुक्रवारी दुपारी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये असताना बाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात हसू होतं आणि मागे नळाचा आवाज येत होता.

“तुला कळलं का रे? सांगितलंन का तुझ्या आईने?”

“नाही बाई. काय?”

“ही वरची आज सुट्टी घेऊन घरी थांबली होती मुद्दाम. खाली माझ्याकडे आली, तुझ्या आईसमोर बसली जमिनीवर, आणि चावी पुढे केलीन. म्हणाली, मावशी, चुकलं आमचं, घ्या परत.”

“मग? घेतली?”

“ऐक तर. तुझी आई हात धुवून उठली. म्हणाली, चावी घेते, पन आधी वरचा त्यो डबा काढा. माझी चावी नि माझ्या पोराचा यंत्र, दोनी एका घरात नको. एकाचाच भरवसा ठेवा.”

मी हातातला चहा खाली ठेवला.

“आम्ही दोघी हसून हसून दमलो. पण ती हसेना हो. डबा निघेपर्यंत दारातच उभी राहिली. शेवटी त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून काढवला,” बाई म्हणाल्या. “चावी तिच्या पिशवीत आहे. तुझा डबा तिच्या पाटीत आहे, बोंबलांच्या खाली. आत्ताच निघाली आहे घरी.”